परातीतले लाजाळू किडे

“देवाचं नाव घेण्याआधी तोंडात काही घालायचं नाही, लोसालीने!”

आईने लहानपणी दिलेली ही ताकीद लोसालीनेने साठी उलटली तरी मोडली नव्हती. पहाटे चर्चची घंटा झाली की ती उपाशीपोटी प्रार्थनेला हजर. आईच्या हुकमाला तिने पदरचं एक कलमही जोडलं होतं. टूथपेस्ट गोड असते, गोड म्हणजे खाणं, म्हणून सकाळी ब्रश बंद. प्रार्थनेनंतर लगेच न्याहारी, न्याहारीनंतर कामं, आणि रात्री डोळे मिटायची घाई. ब्रश बिचारा पेल्यात पाहुण्यासारखा ताटकळत उभा असे. देवाने असं काही मागितलेलं नव्हतं. पण देवाला विचारायला सवड कुणाला होती?

अशा नेमाच्या बाईनेच सेमिसीला डोक्यावर घेतलं, यात नवल ते काय!

दूर दक्षिण समुद्रातल्या हापाई बेटांपैकी त्या लहानशा बेटावर बायका एका लांब छपराखाली ओळीने बसून झाडाची साल कुटतात आणि तिचं कापड करतात. त्या दिवसांत तिथली साल कुटायची लाकडी बडवणी गप्प होती. मधोमध पाण्याची भलीमोठी परात, परातीत पाण्याबाहेर डोकावणारा तापलेला दगड, आणि मागे पांढऱ्या शर्टातला सेमिसी. दुसऱ्या बेटावरून आलेला, आवाज उपदेशकाचा आणि डोळे मासे विकणाऱ्याचे.

“बायांनो! किडा दातात राहतो आणि पोटात जेवतो! गॅस कुणाचा? किड्याचा! जळजळ कुणाची? किड्याची! हे बी थेट पवित्र भूमीतून आलंय. याच्या धुरापुढे किडा टिकत नाही!”

चरबीत मळलेल्या बियांची गोळी तो दगडावर टाकी. तडतड होई. रोगी आ वासून परातीवर वाके आणि सेमिसी त्याच्या डोक्यावरून जाड कापड पांघरी.

“झाकता कशाला?” कुणीतरी विचारलं.

“किडा लाजाळू असतो, मावशी!”

कापड काढलं की पाण्यात इवल्या इवल्या, वाकड्या, पांढऱ्या अळ्या तरंगत असत. गर्दी देवाचा धावा करी आणि सेमिसीपुढे चटया, सुरण आणि कोंबड्या जमत.

पहिल्या दिवशी वाकली ती लोसालीनेच. वर्षभर पोट फुगायचं, आंबट ढेकर यायचे, हिरड्यांतून रक्त यायचं. तिच्या तोंडून इतके किडे पडले की बायका हळहळल्या. तिला मात्र आतून जरा अभिमानच वाटला. नेमात पहिली, प्रार्थनेत पहिली, किड्यांतही पहिली! सेमिसीने पथ्य सांगितलं: सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरायच्या आणि बाटलीतलं गोड पेय वर्ज्य. आठवड्यात हिरड्या शांत झाल्या, ढेकरही कमी झाले. मग काय, लोसालीने घरोघर सांगत फिरली. घरातली सगळ्यात चांगली चटई तिने सेमिसीला आधीच देऊन टाकली होती.

आता पाळी सुलियाची होती.

सुलिया म्हणजे तिची नात, जेमतेम वर्षाची. महिनाभर पोरीचं पोट वाहत होतं, अंगावर मांस धरत नव्हतं, आणि नुकत्या आलेल्या दातांवर तपकिरी डाग पडले होते.

“आई, हिला बोटीने इस्पितळात नेऊ या,” सून फुसी म्हणाली.

“इस्पितळात किडा दिसतो का? इथे दिसतो! गुरुवारी हिला धुरी द्यायची, ठरलं.”

“पण आई—”

“मी रोज दोनदा देवापुढे गुडघे टेकते, फुसी. मला खरं-खोटं कळत नाही होय?”

फुसी गप्प बसली. गप्प बसणाऱ्या सुना काय करतात हे लोसालीनेला ठाऊक असायला हवं होतं. तीही एकेकाळी सूनच होती. फुसीने शाळेतल्या मुलांचे दात तपासायला आलेल्या तोआकासे नर्सला गाठलं.

गुरुवारी छपराखाली पाय ठेवायला जागा नव्हती. सुलिया आजीच्या कडेवर किरकिरत होती. आजीने सवयीने अळूच्या उकडलेल्या कंदाचा तुकडा तोंडात घातला, चावून चावून मऊ केला आणि बोटाने नातीच्या तोंडात सरकवला. तिची आई असंच भरवायची, आईची आईही.

नर्स तोआकासे पुढे आली. “सेमिसीदादा, लेकराआधी एका म्हाताऱ्याला बसवाल का? पाओंगोकाकांचं पोट फार बिघडलंय.”

पाओंगोकाका म्हणजे लोसालीनेचे चुलतदीर. शुभ्र दात दाखवत ते उठले. गर्दीत खसखस पिकली, कारण ते दात बाजारातले आहेत हे पोरासोरांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते परगावच्या सेमिसीला.

“अहो, भावजी, तुम्ही कशाला...” लोसालीने पुटपुटली.

“वहिनी, किडे फक्त तुमचेच का? आम्हालाही मान मिळू दे की!”

काका वाकले. कापड पडलं. गोळी तडतडली. सेमिसीचा सूर चढला. “आला! मागच्या दाढेतून आला! हा दुसरा, सुळ्याखालचा! अरेरे, काय पोखरलंय हो हे तोंड!”

कापड निघालं. काकांचे गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला आलेली, आणि दातांची कवळी हातात.

“कुथल्या दाधेतून ले बाबा?” त्यांनी कवळी सेमिसीच्या नाकासमोर धरली. “ही का?”

हसण्याने छप्पर उडायचं बाकी राहिलं. लोसालीने मात्र तावातावाने उठली. “हिरड्यांत असतील! किडे हिरड्यांत नसतात का?” बोलून झाल्यावर तिलाच ते कसंनुसं वाटलं, पण चटई गेलेली माणसं सहजासहजी हार मानत नाहीत.

तोआकासेने वाद घातला नाही. तिने परातीत ताजं पाणी ओतायला लावलं, सेमिसीच्या डब्यातली एक गोळी उचलून दगडावर टाकली आणि वर नुसतंच कापड धरलं. खाली ना तोंड, ना दात. तडतड झाली. कापड निघालं. पाण्यात किडेच किडे.

“आता हे कुणाचे, लोसालीनेमावशी? परातीचे?”

तिने एक किडा बोटावर घेतला आणि शाळेच्या मास्तरांकडून आणलेल्या भिंगाखाली धरला. “या, तुम्हीच बघा.”

लोसालीनेने एक डोळा मिटला. किड्याला तोंड नव्हतं, पाय नव्हते. एका टोकाला दोन चिमुकल्या पाकळ्या होत्या.

“याला... पानं आहेत,” ती हळूच म्हणाली.

“अळीला पानं फुटतात का कधी? हा बीमधला कोंब आहे. उष्णतेने बी फुटतं, कोंब उडून पाण्यात पडतो. आणि हे बी पवित्र भूमीतलं नाही, चर्चच्या कुंपणाशी उगवणाऱ्या काटेरी झुडपाचं आहे. विषारी असतं ते. त्याचा धूर या लेकराच्या छातीत गेला असता म्हणजे?”

लोसालीनेने सुलियाला घट्ट धरलं. ते झुडूप तर दर शनिवारी ती स्वतःच उपटून फेकत होती! पवित्र भूमीचं तण तिच्याच हातांनी उपटलं होतं, आणि तिच्याच चटईच्या मोबदल्यात तिला धुरातून परत मिळालं होतं.

सेमिसी डबा काखोटीला मारून बोटीकडे सरकला होता. चटया उचलायला गेला तेव्हा बायका बडवणी हातात घेऊन उभ्या होत्या. चटया राहिल्या, सेमिसी गेला.

“पण मला बरं वाटलं, ते कसं?” लोसालीनेने विचारलं.

“मिठाच्या चुळांनी, आणि गोड पेय सोडलंत म्हणून. तोंडाचा पोटाशी संबंध आहे, मावशी, तेवढं तो चुकून खरं बोलला. न घासलेल्या दातांवर जंतूंची साय धरते. दिवसभर आपण थुंकी गिळतो, तिच्याबरोबर तेही गिळतो. पुष्कळसे पोटातल्या आम्लात मरतात, पण हिरड्या सडलेल्या असल्या की रोजची भरती चालूच. काही तगतात आणि आतड्यातल्या चांगल्या जंतूंची घडी विस्कटवू शकतात. किती आणि कशी, हे डॉक्टर अजून शोधताहेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून परातीत दाखवताही येत नाहीत.”

“आणि ही?” तिने नातीकडे पाहिलं. “मी हिला चावून भरवते.”

तोआकासेचा आवाज मऊ झाला. “तुमच्या तोंडातले जंतू हिच्या तोंडात जातात. दातांचे डाग त्याने वाढले असतील. पोटाचं कारण तेच की दुसरं, ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. सांगितलं तर माझ्यात आणि सेमिसीत फरक काय?”

लोसालीने खाली बसली. प्रार्थनेला बसते तशीच. मग बायकांकडे वळून ती म्हणाली, “बायांनो, देव फसवत नाही. फसवणारा देवाचं नाव घेतो, आणि माझ्यासारखी बाई त्याच्यासाठी चटई अंथरते. डोळे दिलेत, ते झाकून किडे बघायला नव्हेत. कुणी झाका म्हणालं की आधी कापड उचला. आणि घरी जाऊन दात घासा. देवाची त्याला हरकत असल्याचं मी कुठेही वाचलेलं नाही.”

“मग इस्पितळात?” फुसीने विचारलं.

“उद्याच. आणि चावून भरवत होते हे डॉक्टरांना मीच सांगेन, वचन देते. तू मध्ये बोलायचं नाहीस.”

“ते रागावतील, आई.”

“रागावू देत. एवढी वर्षं मीच रागावत आलेय.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपून ती घरी आली. जायच्या आधीच दात घासलेले, हिरड्या अजून चुरचुरत होत्या. फुसी दमून झोपली होती. तिला तिने उठवलं नाही; बोटीला अजून वेळ होता, तिला वेळेवर उठवून धक्क्यावर धाडायला शेजारणीला सांगितलं. काट्याने कुस्करलेला कंद डब्यात भरला, सुलियाला दुपट्यात गुंडाळलं आणि बोलायची वाक्यं मनात जुळवत लोसालीने हलक्या पावलांनी धक्क्याकडे चालू लागली.