न मोडलेली खुर्ची

मित्रांनो, मी नाटकातली एक जुनी खुर्ची आहे. सोनेरी रंगाला फसू नका. आत कारखान्यातल्या खोक्यांची फळकुटं आहेत. नवलाख उंबरे गावच्या ताजुद्दीन मिस्त्रींनी मला घडवलं आणि एक पाय मुद्दाम कच्चा ठेवला. शेवटच्या प्रवेशात मोडून पडणं, एवढंच माझं काम होतं.

नाटक तिकोणा पेठेतल्या शाळेच्या ज्योत्स्नाबाईंनी लिहिलं होतं. त्यातला सावकार घरच्यांची जमीन विकून मोठा होतो, सोन्याच्या खुर्चीवर बसतो, खुर्ची मोडते आणि तोही संपतो. सावकार झाला होता हनुमंत. जमिनीची दलाली करायचा, पांढरे बूट घालून तालमीला यायचा. सावकाराची बायको झाली होती त्याचीच बायको, राजेश्वरी. तिच्या वडिलांनी तिला दिलेलं डोंगराखालचं शेत त्यानं गोड बोलून, सही घेऊन, नुकतंच बंगलेवाल्यांना विकलं होतं. त्याला भुशी धरणाच्या रस्त्यावर हॉटेल काढायचं होतं.

एकदा तालमीत तो अडून बसला. "बाई, खुर्ची मोडायची न्हाई. लोक हसतील. मला सरपंच व्हायचंय."

"हनुमंतराव, ही खुर्ची म्हणजे त्याची हाव आहे. ती मोडली नाही तर नाटकात उरलं काय?"

"हाव कसली? मानूस वर गेला की तुमच्या पोटात दुखतं."

असला ठोंब्या नट मी दुसरा पाहिला नाही. रोज स्वतःचंच आयुष्य घोकत होता आणि त्याला पत्ता नव्हता!

जत्रेच्या दिवशी, प्रयोगाआधी त्यानं गुपचूप माझ्या पायाला लोखंडी पट्टी मारून घेतली. शेवटच्या प्रवेशात तो धपकन बसला. मी मोडले नाही. ज्योत्स्नाबाईंनी कपाळाला हात लावला. हा मात्र मिशीला पीळ देत राहिला. आपल्याला आता मरायचं आहे, हेही विसरला.

राजेश्वरी पुढं आली. नाटकातलं वाक्य तिनं घेतलंच नाही.

"टिकली तुमची खुर्ची. बसा आता हितंच. मी चालले."

ती रंगमंचावरून उतरली, समोर बसलेल्या लेकीचा हात धरला आणि मांडवाबाहेर पडली.

"आगं बया, ही तर खरंच चालली!" पुढं बसलेल्या शालूबाई म्हणाल्या.

मागच्यांना वाटलं, नाटकच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. हनुमंतानं त्या आपल्याच समजून बसल्या बसल्या नमस्कार केला. बायकोमागं धावणं सोडाच, तो जागचा हललाही नाही.

ती माहेरी गेली ती गेलीच. निवडणुकीत गावानं त्याला पाडलं. मग त्यानं मला हॉटेलात आणून ठेवलं. पर्यटक ओल्या कपड्यांनी माझ्यावर बसतात, भजी खातात, फोटो काढतात.

परवा त्याची लेक प्रतीक्षा आली. तो लगबगीनं पुढं झाला. "आईनं काय सांगून धाडलं का?"

"नाही. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर आलेय." तिनं आवाज खाली आणला. "त्यांना सांगू नका, तुम्ही माझे बाबा आहात म्हणून."

तो येऊन माझ्यावर बसला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, अशी विनंती मी करणार नाही. मला खुशाल बंबात घाला. जपायचं ते याच्या हातून केव्हाच गेलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, जरा उठता का? फोटो काढायचाय."

आणि हनुमंत उठला.