जांभळी चौकट

"जुना कॅमेरा घेतेस, तर आधी त्यातले चेहरे पुसून घे," दुरुस्तीवाले काका म्हणाले होते.

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "कार्ड नवंच टाकणार आहे."

"कार्डातले नाही गं, कॅमेऱ्यातले." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

मी बालवाड्यांत मुलांचे फोटो काढते. मोठा कॅमेरा म्हणजे गळ्यात वीट, त्यात कडेवर लेक, आणि हल्ली तो ऐन कामात मान टाकायचा. म्हणून जोडीला छोटासा, हलका मिररलेस कॅमेरा हवा होता. मुख्य म्हणजे बिनआवाजाचा, कारण झोपलेलं एक मूल उठलं की अख्खी बालवाडी उठते. नवे पाहिले, एकाला डोळा लावायची खिडकीच नव्हती, दुसऱ्याचा पडदा वळत नव्हता. शेवटी एका शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे जुना मिळाला, हवा तसाच.

ताई एकट्या राहायच्या. मी कॅमेरा सुरू करून त्यांच्या खोलीभर फिरवला. रिकाम्या पलंगाच्या कडेला पडद्यावर छोटीशी जांभळी चौकट उमटली.

"कॅमेरा तिथे जातोच," ताई म्हणाल्या. घरातल्या मांजराबद्दल सांगावं तसं.

चेहरा सापडला की कॅमेरा त्याभोवती चौकट काढतो; उशीच्या सुरकुत्यांना फसला असेल, असं मी धरून चालले.

घरी लेक ठोकळे रचत बसली होती. कॅमेरा धरला, तर तिच्या चेहऱ्यावर पांढरी चौकट आली, आणि शेजारी, तिच्याच उंचीवर, जिथं कोणी नव्हतं तिथं, जांभळी. मी सेटिंग उघडून पाहिलं. ओळखीच्या चेहऱ्याला जांभळी, परक्याला पांढरी. ओळखीचे म्हणून दोनच चेहरे साठवलेले होते: पुढचे दात किडलेली एक लहान मुलगी, आणि ताई.

पुसायला बोट गेलं होतं. पण आधी फोन केला.

"ताई, यातले चेहरे पुसू का?"

पलीकडे मशीन थांबलं. "दिसते का ती?"

"चौकट दिसते. माझ्या मुलीशेजारी, ठोकळ्यांपाशी."

"घेते ना तुमची तिला खेळायला? आमची जरा ओढाओढी करते." मग म्हणाल्या, "ती गेल्यापासून इथं पलंगावर एकटीच असायची. तुमच्या कडेवर लेक बघितली, म्हणून तर दिला. नका पुसू. रोज एकदा बघून मला सांगत जा."

मी हो म्हणाले. आईला नाही कसं म्हणणार?

नवरा म्हणाला, "शहाण्या आहात दोघी. भिंतीच्या डागातही नाक सापडतं त्या कॅमेऱ्याला."

"मग रोज लेकीच्या आसपासच कसं सापडतं?"

"तू रोज लेकीवरच कॅमेरा धरतेस म्हणून."

पटण्यासारखं होतं. तरीही मी लेकीला एकटं सोडेना, आणि रोज दुपारी ताईंना फोन करत राहिले. आज खिडकीशी आहे. आज टेबलाखाली लपलीय. ताई हसायच्या. मध्यंतरी त्यांनी घर बदललं. बंद पडलेल्या एका शिवणवर्गाच्या वरची खोली घेतलीय, एवढंच बोलल्या. पत्ता विचारायचं मला सुचलं नाही.

सोमवारपासून त्या फोन उचलत नाहीत. घंटा वाजत राहते. जुन्या घरी जाऊन आले. तिथं कुणालाच काही ठाऊक नाही. पोलीस म्हणाले, पत्ता द्या, बघू.

आज दुपारी कॅमेरा सुरू केला. छोटी चौकट लेकीजवळ नव्हती. ती दाराशी होती, आणि तिच्या वर, उभ्या बाईच्या उंचीवर, दुसरी जांभळी चौकट. माझी लेक दाराकडे ठोकळा धरून म्हणत होती, "जाऊ नको ना."

नवरा पुन्हा डागाचंच सांगेल. सांगू दे. डागच असो.

पण तुमच्या गल्लीत बंद शिवणवर्गाच्या वर कोणी एकट्या ताई नव्यानं राहायला आल्या असतील, दिवसा मशीनचा आवाज यायचा आणि आता येत नसेल, तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आधी त्यांचं दार वाजवा. उघडलं नाही तर चार माणसं बोलवा, पण वर जा.