परशुरामची बत्तिशी

परशुरामने तोंड उघडलं, डॉक्टरचं मनगट धरलं आणि त्याचं बोट थेट आपल्या खालच्या दाढांवर टेकवलं. मग मान मागे घेऊन म्हणाला,

"हलवून बघ. एक जरी दात हलला तरी मी गपचूप घरी जातो."

डॉक्टर यशपाल दचकलाच. इतका वेळ तो परशुरामच्या मुलाशी, राधाकृष्णशी, क्रेओलमध्ये, बेटावरच्या बोलीत, हळू आवाजात बोलत होता. जिभेच्या कडेचा फोड म्हणजे कॅन्सर आहे. पण वय फार झालंय. असल्या ग्रां दिमूनना, म्हाताऱ्या माणसांना, हे उपचार सोसत नाहीत. घरी न्या, मऊ मऊ खायला घाला, दुखण्यावर औषध देतो. खुर्चीत जणू माणूस नव्हताच, कुणीतरी गोणी आणून ठेवली होती. राधाकृष्ण टोपी पिळत मान हलवत होता. त्याची बायको बसंती भिंतीला टेकून उभी होती आणि डॉक्टरकडे नुसती बघत होती.

"काय करताय, बाबा?" यशपाल आता भोजपुरीत बोलला.

"तू वय विचारलंस. माझं वय माझ्या आईला ठाऊक नव्हतं. जन्मभर मळ्यावर बैल हाकलेत मी. बैल घेताना वय कोण विचारतं? दात बघतात. मग बघ की! एक पडलेला नाही."

यशपालला हसू आलं. मग त्याने खरंच बघितलं. जिभेखाली बॅटरी मारली. मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबत हळूहळू खाली आणली. छातीला नळी लावली. शेवटी नर्सबरोबर जिना उतरून पुन्हा चढून यायला सांगितलं. परशुराम नर्सच्या आधी वर आला आणि दारात तिची वाट बघत उभा राहिला.

"गाठ मानेत उतरलेली नाही," यशपाल म्हणाला, आणि या वेळी राधाकृष्णला नाही, म्हाताऱ्याला म्हणाला. "किरणांचा शेक देऊ. बरेच आठवडे रोज बसने यायचं. तोंड आतून भाजल्यासारखं होईल, गिळवणार नाही. तरी तुम्ही टिकाल असं मला वाटतं."

"टिकणारच. म्हणून तर दात दाखवले."

यशपालने बॅटरी खिशात ठेवली. "तेच सांगायचंय. शेक द्यायच्या आधी ते काढावे लागतील."

"कुठला काढायचाय?"

"सगळे. शेकाने तोंड कोरडं पडतं, जबड्याच्या हाडातला जीव कमी होतो. पुढे एखादी दाढ किडली आणि तेव्हा काढली, तर जखम भरत नाही, हाडच सडतं. म्हणून आधी सगळे काढायचे, हिरड्या भरू द्यायच्या, मग शेक."

"चांगलेसुद्धा?"

"चांगलेसुद्धा."

परशुरामने तोंड मिटलं.

गावी, त्रियोलेला परतणाऱ्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. मागच्या बाकावर मुलगा आणि सून भांडत होते. हळू भांडतोय असं त्यांना वाटत होतं.

"ऊस सोलून खातो तो अजून," राधाकृष्ण म्हणाला. "कच्चा आंबा खातो. तेवढंच सुख उरलंय त्याला. तेही काढून घ्यायचं?"

"आणि फोड? फोड तसाच ठेवायचा?"

"म्हाताऱ्या माणसाला छळायचं नाही, एवढंच म्हणतोय मी."

"छळायचं नाही! रात्री कण्हतात ते तुला ऐकू येत नाही. तू घोरत असतोस."

"बसंती, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. त्यांच्या घरात काय म्हातारी माणसं नाहीत?"

पुढच्या बाकावरची एक बाई वळून म्हणाली, "आयो, आहेत की! माझी सासू आहे." आणि दोन्ही बाजू नीट ऐकता याव्यात म्हणून ती तशीच वळून बसली.

परशुराम बोलला नाही. राधाकृष्णने ते मौन आपल्या बाजूचं धरलं. घरी पोचल्यावर लाबुतिकवाल्या, कोपऱ्यावरच्या दुकानदार चिन्याला त्याने सांगूनही टाकलं की म्हातारा नाही म्हणतोय.

परशुराम घरात गेलाच नाही. घराशेजारच्या गोठ्यात गेला. बसंती चहाचा पेला घेऊन मागोमाग गेली, तेव्हा तो एका म्हाताऱ्या बैलाचा ओठ वर करून आत बघत होता.

"याला विकणार," तो म्हणाला. "खालचे पार झिजलेत. चारा चावत नाही." त्याने ओठ सोडला. "मी स्वतः किती विकायला लावले. मळ्याच्या साहेबाला मीच सांगायचो, याचे दात गेले, आता याला ठेवून फायदा नाही. एकदासुद्धा चुकलो नाही."

बसंतीने पेला पुढे केला. त्याने घेतला नाही.

"आता माझेच काढणार. मग मला काय म्हणायचं?"

"चहा घ्या आधी. थंड होतोय."

"मी विचारतोय तुला, पोरी."

बसंतीला राग आला. दिवसभराचा राग होता. डॉक्टरवरचा, नवऱ्यावरचा, बसमधल्या त्या बाईवरचा. सगळा तिथे गोठ्यात बाहेर आला.

"बैलाला कुणी भात घोटून घालत नाही, मामंजी. म्हणून त्याला विकतात. तुम्हाला मी घालीन. घोटून, गाळून, कसा हवा तसा. पण जिवंत माणसाला. मेलेल्याच्या पानात वाढायला मला सांगू नका, मला ते जमायचं नाही."

परशुरामने तिच्याकडे बघितलं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच्यासमोर मान वर करून बोलली नव्हती. त्याने पेला घेतला आणि एक घोट प्यायला. फोडाला चटका बसला, तसं तोंड वाकडं केलं.

"साखर कमी आहे," तो म्हणाला.

"साखरेच्या मळ्यात राहता आणि माझ्याकडे साखर मागता?"

दातांच्या डॉक्टरकडे बसंतीच त्याला घेऊन गेली. राधाकृष्ण आला नाही. एका दिवसात काम झालं नाही, तीन वेळा जावं लागलं. दात मुळापासून घट्ट होते, दातांचा डॉक्टर घामाघूम व्हायचा. एका दाढेला तर तो म्हणाला, "हिला सोडायचं नाहीये हो तुम्हाला!" परशुराम खुर्चीचे हात धरून छताकडे बघत राहिला. ओरडला नाही. शेवटच्या दिवशी त्याने खुणेने सगळे दात मागून घेतले आणि रुमालात बांधले. नर्सने नाक मुरडलं. बसंतीने तिच्याकडे असं बघितलं की तिने नाक जागेवर आणलं.

घरी आले तेव्हा राधाकृष्ण उंबऱ्यावर बसून कोयत्याला धार लावत होता. बापाचा चेहरा बघून त्याचा हात थांबला. गाल आत गेले होते, हनुवटी वर आली होती. दुसराच कुणी म्हातारा अंगणात आल्यासारखा दिसत होता. राधाकृष्णने मान खाली घातली आणि पुन्हा धार लावायला लागला, आधीपेक्षा जोरात.

परशुराम अंगणाच्या मधोमध उभा राहिला. रुमाल सोडला. एक दात निवडला, हात मागे नेला आणि घराच्या छपरावर फेकला. कॅरोल नावाच्या वादळात पाचटाचं छप्पर उडालं, त्यानंतर पत्रा घातला होता. दात पत्र्यावर टणकन आपटला, घरंगळत खाली आला आणि धुळीत पडला.

"मामंजी, हे काय?" बसंती म्हणाली. "छपरावर पोरं दात टाकतात. दुधाचे."

"का टाकतात?" त्याचे शब्द पसरट, ओले येत होते.

"नवे यावेत म्हणून."

"मग?"

बसंतीला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला.

परशुरामने दुसरा फेकला. तोही घरंगळत खाली आला. तिसरा तर पत्र्यापर्यंत पोचलाच नाही. औषधाने हात जड झाला होता. त्याने खांदा चोळला आणि चौथा घेतला.

दगडावरचा कोयता थांबला. राधाकृष्ण उठला. अंगणात आला आणि बापाच्या पायाशी वाकला. धुळीतले तिन्ही दात एकेक करून उचलले, सदऱ्याला पुसले. बापाकडे बघितलं नाही. पत्र्याच्या उतारावर नजर लावून दोन पावलं मागे सरकला आणि हात पूर्ण फिरवून पहिला दात फेकला. तो उंच गेला, पत्र्याच्या कण्यावर एकदा वाजला आणि पलीकडे गेला.

तिघंही ऐकत राहिले. खाली काही आलं नाही.

"उद्यापासून बसला मी येतो," राधाकृष्ण छपराकडे बघतच म्हणाला. "हिला घरी कामं असतात."

"उद्या नाही," बसंती म्हणाली. "हिरड्या भरल्यावर."

"मग तेव्हापासून."

परशुरामने रुमालातले मूठभर दात काढले आणि मुलाच्या तळहातावर ठेवले.