नाथाजींच्या जिभेवरचा राईट

मी ‘राईट’. इंग्रजीतून आलेला एवढासा शब्द. सध्या कराडजवळच्या मलकापुरात, नाथाजी नावाच्या निवृत्त एसटी कंडक्टरांच्या जिभेवर राहतो. तिथं आता दुसरा शब्द नाही.

माझं मूळ फार जुनं आहे. कोशवाले सांगतात, माझा पहिला अर्थ ‘सरळ’. सरळ ते योग्य, म्हणून मी ‘बरोबर’ झालो. बहुतेकांचं काम ज्या हातानं नीट होतं, तो उजवा हातही मीच झालो. पुढं न्यायानं जे मिळावं ते, म्हणजे हक्क. संस्कृतातला ‘ऋजु’ माझा लांबचा भाऊबंद लागतो म्हणे. आमची गाठ कधी पडली नाही. तो पोथ्यांत राहिला, मी एसटीत आलो.

एसटीत माझा अर्थ ‘चला’. नाथाजी कराड-सांगली गाडीवर होते. इस्लामपुरात, आष्ट्यात शेवटची म्हातारी गाठोडं घेऊन टेकली, की ते दार ओढून म्हणायचे, “हां, राईट.” घरीही तेच. जेवण झालं, राईट. निजायचं, राईट. त्यांच्या बायकोला, अंबूबाईंना, वैताग यायचा. “आवं, मी काय गाडी हाय व्हय?” असं त्या विचारायच्या.

गेल्या उन्हाळ्यात नाथाजींना झटका आला. अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली. त्यांना समजतं सगळं, पण बोलता येत नाही; कधीकधी एखादाच शब्द उरतो, असं डॉक्टर म्हणाले. उरलो तो मी. पाणी, भाकरी, बायकोचं नाव, शिव्या, सगळे कुठं गेले कळलं नाही. मला त्याचं दुःखही झालं नाही. शब्दाला काय व्हायचं.

तहान लागली, राईट. तोंडावर माशी बसली, राईट. अंबूबाई तोंडाकडं बघून ओळखायच्या. नाथाजींना उचलून उचलून त्यांची कंबर मात्र धरली.

मुलगा यशराज साताऱ्याला नोकरीला आहे. त्यानं सांगलीत एक शुश्रूषेचं ठिकाण बघितलं. खाटेपाशी बसून म्हणाला, “आबा, तिथं नर्स हाय, डॉक्टर हाय. आईला आता झेपंना. जाऊया न्हवं?”

“राईट,” नाथाजी म्हणाले. मग जोरात, “राईट, राईट.”

मी त्या वेळी ‘नको’ होतो. पण तसं माझ्या अंगावर कुठं लिहिलेलं नसतं. यशराजला हायसं वाटलं. अंबूबाई हळूच म्हणाल्या, “त्यांच्या मनात न्हाई रं त्ये.”

“आई, सोताच म्हणाले की.”

अंबूबाई नाथाजींचे कपडे पिशवीत भरायला लागल्या. कंबर खरोखरच दुखत होती.

दोन दिवसांनी अँब्युलन्स आली. नाथाजींना स्ट्रेचरवर निजवलं. अंबूबाई शेजारी पाण्याचा तांब्या-पेला घेऊन बसल्या, यशराज पुढं ड्रायव्हरपाशी. गाडी हायवेला लागली. नाथाजी मला सारखे बाहेर ढकलत होते. कुणी वळून बघत नव्हतं. मग ते थांबले. डाव्या हातानं त्यांनी अंबूबाईंच्या हातातला पेला घेतला आणि स्ट्रेचरच्या दांड्यावर आपटला. एकदाच. जरा वेळानं पुन्हा एकदाच.

“पाणी मागत्यात का?” यशराजनं विचारलं.

“गाडी थांबव,” अंबूबाई म्हणाल्या. “कंडक्टर घंटी मारतोय तुझा. एक घंटी म्हंजे थांबा. दोन म्हंजे चला; तशा मारल्या असत्या, तर मी गप बसली असती.”

गाडी कडेला लागली. यशराज मागं आला. वडलांपाशी वाकला. “आबा, जायचं न्हाई?”

नाथाजींनी मला बाहेर काढलंच नाही. पेला पुन्हा एकदा वाजला.

तिथूनच ते परतले. आता सकाळ-संध्याकाळ उचलायला शेजारचा बिराप्पा येतो. अंबूबाईंची कंबर अजून दुखतेच. खाटेच्या दांड्याला एक चमचा बांधलाय. नको असेल तर एकदा, हवं असेल तर दोनदा वाजतो. मला फारसं काम नाही. दुपारभर जिभेवर पडून असतो. बरं वाटत नाही, वाईटही वाटत नाही.

एवढंच सांगायचं होतं. कुणाच्या तोंडात मी असा एकटाच सापडलो, तर माझ्यावर विसंबून त्या माणसाला कुठं नेऊ नका. जरा थांबा, आणि त्यालाच परत विचारा.