पॉइंट्सवरचं कोपनहेगन

शैलेंद्र देवस्थळी सोमवारी पहाटे डीमन या छोट्या डच गावातल्या घरातून निघायचा आणि गुरुवारी संध्याकाळी परतायचा. कोपनहेगनमधल्या एका विमा कंपनीचं काम त्याच्याकडे होतं आणि ते वर्षानुवर्षं संपत नव्हतं. मुलगी ऋता तेव्हा लहान होती. शाळेत एकदा बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? ती म्हणाली, "मी आणि आई. बाबा कोपनहेगनला राहतो." बाईंनी आसावरीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुमचा घटस्फोट झालाय का? हा किस्सा पुढे पाहुण्यांना हसून हसून सांगितला जायचा. सांगायचा शैलेंद्रच. आसावरी त्या वेळी चहाचे कप उचलून आत जायची.

"मला पण ने ना तुझ्या कोपनहेगनला," ऋता म्हणायची. तेव्हा ती घरात मराठीच बोलायची.

"नेणार तर! या सगळ्या विमानांचे पॉइंट्स साठतायत. तुला फुकटात नेतो. खिडकीची सीट!"

पॉइंट्स साठत गेले. सुट्टी लागली की पुण्याला जावं लागे. मग आसावरीच्या वडिलांचं आजारपण आलं, मग करोना. पुढे शैलेंद्रने नोकरी बदलली, नव्या कामात प्रवास नव्हता. गोल्ड कार्डाचं सिल्व्हर झालं आणि शेवटी साधं कार्ड उरलं. ऋता केव्हातरी डचमध्ये उत्तरं द्यायला लागली, कोपनहेगनचं नाव काढेनाशी झाली.

या वर्षी मे महिन्यात एअरलाइनची मेल आली, की वापरले नाहीत तर वर्षअखेर पॉइंट्स जातील. ऋताच्या शाळेच्या शेवटच्या परीक्षा चालू होत्या. सप्टेंबरपासून ती देशाच्या उत्तरेला ग्रोनिंगनच्या विद्यापीठात शिकायला जाणार होती, तिथे तिला खोलीही मिळाली होती. शैलेंद्रला एकदम आठवलं. त्याने कुणालाच न विचारता ऑगस्टमधल्या शुक्रवारची दोन तिकिटं काढली. पॉइंट्सवर मिळत होतं ते सकाळचं पहिलंच विमान. परतीचं रविवारी संध्याकाळी. जेवताना त्याने फोन तिच्यासमोर धरला.

ऋताने घास खाली ठेवला. "बाबा, मी आता युरोपात विमानाने जात नाही. तुला माहितेय," ती डचमध्ये म्हणाली.

त्याला माहीत नव्हतं. आसावरीला माहीत होतं. वर्गाची सहल विमानाने बार्सिलोनाला गेली तेव्हा ऋता आणि आणखी दोन मुली बसने गेल्या होत्या.

"अगं, सव्वा तासाचं विमान! आणि फुकट आहे."

"फुकट नसतं ते, बाबा."

त्याचा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, "मी ट्रेनने येते. हॅम्बुर्गवरून जाता येतं."

"अख्खा दिवस जाईल तुझा."

"मग तू पण चल माझ्याबरोबर."

"म्हणजे दोन्ही तिकिटं वाया घालवायची?"

"एक जातंच आहे," आसावरी म्हणाली.

"म्हणून तर दुसरं कशाला घालवायचं?" शैलेंद्र म्हणाला. त्याला ते अगदी सरळ वाटलं. ऋता खांदे उडवून हसली आणि तिने आपलं ट्रेनचं तिकीट काढलं.

त्या शुक्रवारी पहाटे बापलेक घरातून बरोबरच निघाले. डीमन-झाउद स्टेशनवर तो स्किपोल विमानतळाच्या गाडीकडे वळला, ती मुख्य स्टेशनाच्या, सेंट्रालच्या मेट्रोकडे. तिच्या पाठीवर सॅक होती आणि हातात आसावरीने दिलेला ठेपल्यांचा डबा. "बघू कोण आधी पोचतं," ती म्हणाली.

विमानात शेजारची खिडकीची सीट रिकामीच राहिली. तो तिथे सरकला नाही. सँडविच खाऊन होतंय तोवर विमान उतरायला लागलं. लोक अजून कामावर निघतच होते, तेव्हा शैलेंद्र कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनाबाहेर उभा होता आणि ऋता अजून जर्मनीच्या सीमेपाशीही पोचली नव्हती.

ती येईपर्यंत तिला दाखवण्यासारखं काय काय आहे ते ठरवून ठेवू, असं त्याने मनाशी म्हटलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की त्याला हे गाव माहीतच नाही. विमानतळ, टॅक्सी, ऑफिस, हॉटेल. इतकी वर्षं तो याच रेघेवरून गेला होता. ऑफिसच्या इमारतीवर आता दुसऱ्याच कंपनीची पाटी होती. हॉटेल होतं तिथेच होतं. काउंटरवरच्या मुलीने त्याला, आपण पहिल्यांदाच येताय का, असं विचारलं. त्याने हो म्हणून टाकलं.

दुपारी तो बंदरावर एका बाकावर बसला. ऋताचे फोटो येत होते. पवनचक्क्या. समोर बसलेलं एक म्हातारं जर्मन जोडपं, हातात पत्ते. 'हे मला त्यांचा खेळ शिकवतायत. मी त्यांना ठेपले दिले. आजीला फार आवडले.' मग आणखी एक फोटो: चौघांची टेबलाभोवतीची जागा, तीन माणसं आणि एक मोकळी सीट. त्यावर तिने काही लिहिलं नव्हतं. शैलेंद्रने तो फोटो मोठा करून पाहिला. या रिकाम्या जागेत आपण बसलो असतो, पत्त्यात हरलो असतो, ती आपल्यावर हसली असती. लवकर पोचून आपण काय मिळवलं? हा बाक.

हॅम्बुर्गच्या अलीकडे गाडी खोळंबली, पुढची चुकली. अंधारून येताना ऋता फलाटावर उतरली, दमलेली पण खुशीत. जेवताना ती बराच वेळ त्या जोडप्याबद्दल बोलत होती. नंतर जांभया द्यायला लागली.

शनिवारी ते खूप हिंडले. शैलेंद्रने फोनवर शोधून ठेवलेल्या जागा एकेक करून दाखवल्या. ऋताने सगळं नीट बघितलं आणि मग म्हणाली, "आता तुझं दाखव. तू कुठे राहायचास ते."

त्याने हॉटेल दाखवलं. चौथ्या मजल्यावरच्या मागच्या खोल्या. खाली पार्किंग होतं.

"संध्याकाळी काय करायचास इथे?"

"काही नाही. जेवायचो. लॅपटॉप उघडायचो. तुम्हाला फोन करायचो."

"रोज नाही करायचास," ती सहज म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. मग ती मराठीत बोलायला लागली, शब्द शोधत शोधत. "मी लहान होते ना, तेव्हा मला वाटायचं, इथे तुझी काहीतरी मोठी मज्जा आहे. म्हणून तू सारखा येतो. म्हणून मला बघायचं होतं."

"मजा नव्हती गं," एवढंच तो म्हणाला.

"हो, दिसतंय आता," ती हसली आणि तिने त्याच्या हातात हात घातला. मोठी झाल्यापासून असं तिने केलं नव्हतं. दोघं तसेच कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

रात्री जेवताना तो म्हणाला, "उद्या मी विमान सोडतो. तुझ्याबरोबर ट्रेननेच येतो घरी."

ऋता गोंधळली. "अरे बाबा, मी घरी नाही जात आहे. हॅम्बुर्गला माझी मैत्रीण फ्लूर भेटणार आहे, तिच्याकडे राहणार. मग तिथून डायरेक्ट ग्रोनिंगन. आईला सांगितलंय मी." थोडं थांबून ती म्हणाली, "मे महिन्यात हो म्हटलं असतंस तर मी फ्लूरचं ठरवलंच नसतं."

रविवारी सकाळी तो तिला सोडायला स्टेशनवर गेला आणि त्याने तिच्याच गाडीचं, वाटेतल्या ओडेन्सपर्यंतचं तिकीट काढलं. तिथून उलट येऊन संध्याकाळचं विमान मिळत होतं. ऋता म्हणाली, "वेडा आहेस तू," पण तिने सॅक उचलून शेजारची सीट रिकामी केली.

त्याला बरंच विचारायचं होतं. ग्रोनिंगनमधल्या खोलीबद्दल, मैत्रिणींबद्दल, तो नसताना घरात काय काय झालं त्याबद्दल. कुठून सुरुवात करावी याची तो जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात ऋताचं डोकं खिडकीला टेकलं. गाडी लांबच लांब पुलावर चढली, दोन्ही बाजूंना चकचकीत समुद्र. तिला उठवून दाखवावं असं त्याला वाटलं. पण तिची झोप मोडावीशी वाटेना. तो तिच्याकडे बघत बसून राहिला.

ओडेन्स आलं. त्याने तिच्या खांद्याला हात लावला. "मी उतरतो गं."

"दुई, बाबा," अर्धवट झोपेत तिने डचमध्ये निरोप घेतला, आणि दार बंद होईपर्यंत पुन्हा झोपली होती.

घरी आसावरीने विचारलं, "काय काय बोललात?" तो सांगायला लागला आणि ते फारच लवकर सांगून संपलं. मग म्हणाला, "पुढच्या शनिवारी ग्रोनिंगनला जाऊ या. ट्रेनने. दोघंही."

"तिला आधी विचार," आसावरी म्हणाली.

त्याने लगेच मेसेज केला. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. पहिले वीकेंड सगळे भरलेत, ऑक्टोबरमध्ये बघू या, असं ऋताने लिहिलं होतं.