ढुशाचे ठोके

माईच्या अंगणात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध एका चौरंगावर पितळेचं भांडं होतं आणि त्याच्या काठाला ओला फडका गुंडाळला होता. त्याभोवती बायका झपाझप फेऱ्या मारत होत्या. कुणाचं मूल चौथ्या महिन्यात पोटातच गेलेलं, कुणाचं आठव्या. माई काठी आपटत होती, "उचला पाय! पोर काय रांगत येणार आहे तुमच्यामागे? आई दमते तेव्हा बाळ बोलतं!"

एखादीला धाप लागली की माई तिला खाली बसवायची, भांडं तिच्या कानावर घट्ट दाबायची आणि विचारायची, "आलं का?"

आणि खरंच यायचं. धडधड, धडधड, धडधड. दवाखान्यातल्या यंत्रातून पोटातल्या बाळाचं ऐकलं होतं अगदी तसं, घोडा दौडल्यासारखं. बाई हंबरडा फोडायची. फाटकाबाहेरची बघी मंडळी हात जोडायची.

किल्लीवाला त्या फाटकाबाहेर येरझाऱ्या घालत होता. चौकातल्या टपरीत तो किल्ल्या बनवायचा, कुलुपं दुरुस्त करायचा. त्याची बायको आत फेऱ्या मारत होती, पण त्याला आत मज्जाव होता. पहिल्याच दिवशी माईने त्याचा हात हुंगून सांगितलं होतं, "लोखंड! गेलेला जीव लोखंडाला भितो. तू बायकोजवळ गेलास की पोर पळालंच समज."

तेव्हापासून तो टपरीतच झोपायचा. झोपायचा कसला, या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचा. लिंबू घासून घासून बोटांची सालं निघाली, तरी वास जाईना. बाप व्हायचं राहून गेलं होतं, आता नवरा म्हणूनही घरात जागा नव्हती.

त्यांचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. पोटावर हात ठेवला की ते आतून ढुशी द्यायचं, म्हणून दोघं त्याला ढुशा म्हणायची. तो गेल्यावर ते नाव घरात कुणी काढलं नाही. सासू म्हणाली, "झालं ते झालं. वय आहे अजून, होईल दुसरं." शेजारणी म्हणाल्या, "बरं झालं, तोंड तरी नाही बघितलं." मग एक दिवस, गेलेल्या बाळाचे ठोके ऐकवते म्हणून, बायकोच्या कानावर माईचं नाव आलं.

अंगणात एकदम गलका झाला. किल्लीवाल्याने टाचा उंचावून पाहिलं. बायको जमिनीवर पडली होती. तो फाटकावरून उडी टाकून आत घुसला.

"हात लावू नकोस!" माई ओरडली. "पोराने आईला बोलावलंय. जाऊ दे तिला त्याच्या भेटीला!"

"तुम्ही बाजूला व्हा आधी!" म्हणत त्याने तिला उचलून बाकावर निजवलं. तिचे ओठ खडूसारखे झाले होते.

समोरच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली.

"रक्त उरलंय कुठे अंगात! रक्तवाढीच्या गोळ्या घेत नाहीस?"

"त्यांच्यात लोखंड आहे," बायको डोळे मिटूनच म्हणाली. "मध्ये महिनाभर घेतल्या, तर ढुशाचा आवाज बारीक झाला. सोडल्या तर परत आला. आता भांडंसुद्धा लागत नाही. उशीला कान लावला की येतो."

"बघा, बघा!" माई जमावाकडे वळली. "आईचा विश्वास बघा!"

डॉक्टरीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. एक आजोबा सुनेला धीर द्यायला तिच्याबरोबर फेऱ्या मारून धापा टाकत उभे होते.

"आजोबा, बसा जरा." त्यांनी चौरंगावरचं भांडं उचललं आणि आजोबांच्या कानावर दाबलं. "काय ऐकू येतंय?"

आजोबांचे डोळे मोठे झाले. "आयला! येतंय की!"

"कितवा महिना, आजोबा?"

फाटकाबाहेर हशा पिकला. आतली एकही बाई हसली नाही.

"नातवाचं आलं त्यांना!" माई घाईने म्हणाली.

"असेल. आजोबा, मनगटाची नाडी लागते का बघा. हं. आता नाडी आणि नातू, कोण पुढे कोण मागे?"

"दोन्ही एकदमच वाजतायत."

"पाणी प्या. बसून राहा."

सगळे थांबले. माई म्हणाली, "शंका घेतली की बाळ रुसतं." तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. थोड्या वेळाने आजोबा पडक्या आवाजात म्हणाले, "मंदावला."

"नातू दमला, की तुमची धाप गेली?"

आजोबांनी मान खाली घातली. मग एकेक बाई आपलं मनगट चाचपू लागली. कुणी मटकन खाली बसली. एकीने डॉक्टरीणबाईंना फैलावर घेतलं, "कशाला सांगितलंत? तेवढं तरी ऐकू येत होतं मला!" डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ घेतलं. माई तेवढ्यात भांडं तिथेच टाकून मागच्या दाराने सटकली.

बायको बाकावर पडूनच स्वतःची नाडी धरून होती. "पण गोळ्यांनी आवाज गेला होता, त्याचं काय?"

"बाळंतपणात तुझं रक्त फार गेलं," डॉक्टरीणबाई तिच्याजवळ बसल्या. "रक्त कमी पडलं की हृदयाला जोरात पळावं लागतं, मग त्याचे ठोके कानात घुमतात. गोळ्यांनी तुला बरं वाटायला लागलं, म्हणून आवाज कमी झाला. तू खंगत जाशील तसा तो वाढणार. कुठवर वाढणार, ते सांगायला हवं का?"

बायकोने मनगट सोडलं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. "मग ढुशा कुठे आहे हो?"

तो बाकाशेजारी खाली बसला. "ढुशा गेला गं. तू शुद्धीवर नव्हतीस. नर्सने फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला होता."

"तुमच्याकडे? तुम्ही बघितलंत त्याला?"

"बघितला. कपाळ तुझं होतं. खालचा ओठ असा पुढे, रुसल्यासारखा."

"इतके दिवस बोलला नाहीत!"

"तुला सहन होणार नाही म्हणाले सगळे."

"केस होते?"

"होते. ओले, काळेभोर."

ती रडायला लागली. माईच्या अंगणात रडायची तसं नाही, अंगातलं सगळं मोकळं झाल्यासारखं. इस्पितळात रक्त चढवायला नेतानाही ती विचारत राहिली आणि तो सांगत राहिला.

ती माई गेली, पण दुसरी येईल. भांडं कुठेही मिळतं आणि धाप कुणालाही लागते. तुम्हीच जिना धावत चढा, वाटी कानावर दाबा आणि मनगट धरा, म्हणजे खात्री पटेल. आणि ओळखीतल्या कुणाचं मूल असं पोटातच गेलं असेल, तर तिला "विसर" म्हणू नका. औषध चुकत नाही ना ते बघा. त्या मुलाला काही नाव ठेवलं होतं का, ते विचारा. तिला ज्या घरात ते नाव घेता येतं, त्या घरातून ती माईकडे जात नाही.