बॅक्स्टर म्हणजे कोण

माझा भाऊ क्लेमंट म्हणजे आडनावाचा वेडा. आम्ही बॅक्स्टर. इंग्लंडात नॉरफकमधल्या या गावात आमची बेकरी पणजोबांच्याही आधीपासूनची, आणि बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारा, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवणार. समोरच्या खाटकाचं आडनाव बेकर. अर्थ तोच, पण विकतो मटण. त्यावरून क्लेमंटनं त्या बिचाऱ्याला जन्मभर छळलं.

आता क्लेमंटचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा बेकरी कुणाला द्यायची हा प्रश्न आला. मुलगी एकच, ब्रायोनी. पहाटे उठून मैदा तीच मळते, गिऱ्हाईक तिच्या हातच्या पावासाठी येतं. पण ही लग्न करणार, आडनाव बदलणार, मग पाटीचं काय? म्हणून हा शहाणा बेकरी द्यायला निघाला चुलत पुतण्याला, बार्नबीला. बार्नबी नॉरिचला विमा विकतो आणि पिठाच्या नुसत्या वासानं शिंकतो. पण बॅक्स्टर आहे ना, आणि पुरुष! ब्रायोनी भांडली, रडली, शेवटी म्हणाली, आत्या, मी लंडनला जाते. माझं डोकंच फिरलं. मलाही बाबांनी याच कारणानं भट्टीवरून काउंटरवर हाकललं होतं. आणि मी मेलीनं लग्नच केलं नाही, आडनाव आहे तिथंच आहे.

त्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये ऑलसॉपबाईंचं आडनावांवर व्याख्यान होतं. चहा-केक फुकट, म्हणून सगळं गाव हजर. स्मिथ म्हणजे लोहार, फ्लेचर म्हणजे बाण बनवणारा, असं चाललं होतं. क्लेमंटला कुठला दम! बार्नबीला शेजारी बसवलेलं. उभा राहिला आणि म्हणाला, जरा बॅक्स्टरचा अर्थ सांगा यांना.

"फार छान आडनाव," बाई म्हणाल्या. "बेकर म्हणजे भट्टीवाला आणि बॅक्स्टर म्हणजे भट्टीवाली. मुळात ते बाईचंच. पुढे पुरुषही लावायला लागले."

मग मागून खाटीक शांतपणे म्हणाला, "म्हणजे क्लेमंट, आपल्या दोघांत बाप्या मी."

हसता हसता लोकांच्या हातातला चहा सांडला. काहीतरी गफलत असेल, असं क्लेमंट पुटपुटला. बाई म्हणाल्या, अजिबात नाही, तुमच्या नावाचं ते 'स्टर' शेपूट बायकांचंच. मला वाटलं, आता हा आणखी हट्टाला पेटणार.

सोमवारी मी दुकानात गेले, तर हा एका गिऱ्हाइकाला सांगतोय, "बॅक्स्टर म्हणजे भट्टीवाली, मॅडम. आमच्यात भट्टी बाईनंच चालवायची, पूर्वीपासून. आता ब्रायोनी चालवणार. त्या बार्नबीला दिलं धाडून." जसं काही हे बाळकडूच मिळालं होतं त्याला! आत ब्रायोनी पीठ मळता मळता गात होती. मला तिच्यासाठी आनंद झाला, खरंच झाला, पण अंगाचा तिळपापडही झाला.

गिऱ्हाईक गेल्यावर मी त्याला गाठलं. "काय रे, मी तरुण होते तेव्हा हे नाव बाईचं नव्हतं?"

तो बनपाव उगाच पुन्हा रचत बसला. "तेव्हा कुणाला ठाऊक होतं गं, विनी."

"पाव कुणाचा चांगला होतो, ते तर ठाऊक होतं?"

त्यानं हातातला बन खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते होतं."